तीनदा खाली, मग एन्टर

उत्तरेश्वर बिडव्यांचा कॉम्प्युटर २००५ सालच्या दिवाळीनंतर टकटक करायला लागला. आधी दिवसातून एखादवेळ, मग तासातासाला, आणि डिसेंबर उजाडेपर्यंत तर डब्याच्या आत बसून कुणी अडकित्त्यानं सुपारी कातरतंय असं वाटायचं. हार्ड डिस्क म्हातारी झाली होती. बिबवेवाडीतल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत म्हातारी होणारी ती एकटीच नव्हती, पण बाकीच्यांनी निदान आवाज तरी केला नव्हता.

बिडवे तीस वर्षं सरकारी खात्यात टंकलेखक होते. तरुणपणी लातूरकडून पुण्याला आले ते टंकलेखनाचं प्रमाणपत्र आणि एक वळकटी घेऊन, आणि निवृत्त झाले ते साहेबलोकांच्या व्याकरणाबद्दल कायमचं वाईट मत घेऊन. घरी बसून आठवडा झाला नाही तोच त्यांनी कॉम्प्युटर आणला, त्यात टाइपरायटरच्याच कळांवर चालणारं मराठीचं सॉफ्टवेअर घालून घेतलं आणि सगळ्या गल्लीचे अर्ज लिहायला सुरुवात केली. नळाला पाणी नाही, अर्ज. रेशनकार्डावर सुनेचं नाव नाही, अर्ज. जिन्यातला दिवा सहा महिने बंद, अर्ज आणि शिवाय स्मरणपत्र. 'बिडव्यांचा कागद गेला की साहेब खुर्चीत सरळ बसतो,' असं लोक म्हणत. बिडवे त्यावर 'लोकांना काय, बोलायला' असं म्हणायचे आणि पुन्हा कुणी म्हणतंय का याची वाट बघायचे.

या माणसाला दिसत नव्हतं, हे मात्र त्यांनी कुणालाच कळू दिलं नव्हतं.

म्हणजे अगदी काळोख नव्हता. काचबिंदूनं चार वर्षांत दोन्ही डोळे बरेचसे खाल्ले होते. उरला होता खिडकीचा उजेड, माणसांचे आकार आणि पायाखालचा ओळखीचा रस्ता. डॉक्टरांकडे ते एकटेच गेले होते. 'गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून सांभाळू,' असं डॉक्टर म्हणाले. बिडव्यांनी घरी येऊन बायकोला सांगितलं, "डोळ्यांत धूळ जाते म्हणून थेंब दिलेत." झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांना आंधळेपणाची एवढी भीती नव्हती. भीती होती ती त्यानंतरच्या खुर्चीची. गावाकडे त्यांच्या चुलत्याला दिसेनासं झालं, तेव्हा घरच्यांनी त्याला ओसरीवरच्या खुर्चीत नेऊन बसवलं होतं. येणारा-जाणारा त्याला मोठ्यानं 'बरं आहे ना, काका?' असं विचारायचा आणि कामाचं बोलायला आत जायचा. चुलते त्या खुर्चीत अकरा वर्षं बरे होते.

मग बिडव्यांचं काम चालायचं कसं? तर बोटांनी. टंकलेखकाला कळा बघायच्या नसतातच, बघणाऱ्याच्या बोटांवर त्यांच्या वेळचे मास्तर पट्टी मारायचे. कॉम्प्युटर सुरू केला की मनातल्या मनात दोनशेपर्यंत आकडे मोजायचे. मग 'होम' नावाची कळ, मग खालच्या बाणाची कळ तीनदा, मग एन्टर. डिस्क घर्रघर्र करायची. घरघर थांबली की मराठीचं सॉफ्टवेअर उघडलं. मग टाइप करायचं, दोन कळा एकदम दाबून छापायला सोडायचं, की कागद हातात. पडद्यावर कुठल्या रांगेत कितवं चित्र कशाचं, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ होतं. जगात सगळीकडे ते चाचपडत होते, पण त्या टेबलापाशी बसले की डोळस माणसासारखे वागू शकत होते. ते टेबल गेलं की उरली ती खुर्ची.

घरात सुशीलाबाई होत्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, कमी बोलणाऱ्या आणि बिडव्यांच्या मते अत्यंत हट्टी. घरातलं स्टूलसुद्धा जागचं हलू द्यायच्या नाहीत. त्याच दिवाळीत मुलानं नवा सोफा घ्यायचं काढलं तर 'जुना आहे तो बरा आहे' म्हणून विषय संपवला. "तुझ्या हातात असतं तर तू मुळा-मुठेलाही जागचं हलू दिलं नसतंस," बिडवे म्हणायचे. शिवाय बाईंच्या हाताला उरक नव्हता. बिडव्यांनी छापलेला कागद त्या 'द्या, पाकिटात घालते' म्हणून घेऊन जायच्या, आणि एवढ्याशा कामाला इतका वेळ लावायच्या की बिडवे चिडायचे. "अगं, कागदाची घडी घालतेस की नऊवारीची?" सकाळचा पेपर ते त्यांच्याकडून वाचून घ्यायचे, पण तेही उपकाराच्या सुरात. "मोठ्यानं वाच, उच्चार सुधारतील." सुशीलाबाई 'बरं' म्हणायच्या आणि पहिल्या पानापासून वाचायला लागायच्या. चार वर्षांत त्यांचे उच्चार किती सुधारले हे सांगता यायचं नाही, पण बिडव्यांना जगातलं सगळं माहीत असायचं.

डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी अभिनव आणि दीपमाला आले. मुलगा आणि सून. दोघंही हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत, राहायला वाकडला. अभिनव प्रोग्राम लिहायचा आणि दीपमाला दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायची, त्यामुळे घरात शेवटचा शब्द कुणाचा हा प्रश्नच नव्हता. अभिनवनं टकटक ऐकली आणि पिशवीतून नवी डिस्क काढली. ती तो आधीच घेऊन आला होता.

"पप्पा, ही आता आठवडाभराची सोबती आहे. तुमच्या फाइल्स कॉपी करतो आणि नवीन डिस्कवर फ्रेश विंडोज एक्सपी टाकून देतो. एकदम चकाचक."

"चकाचक नको," बिडवे म्हणाले. "जसंच्या तसं पाहिजे."

"अहो, विंडोज नाइन्टी-एट आहे हे. आता म्युझियममध्ये ठेवतात."

"मग मलाही ठेव त्याच्या शेजारी. तिकीट लावा."

"जसंच्या तसं म्हणजे कसं, पप्पा?" दीपमालानं विचारलं. तिला असल्या गोष्टी नेमक्या लागायच्या.

"म्हणजे डिस्क बदलली हे मला कळता कामा नये."

अभिनवनं कपाळाला हात लावला, पण मुलगा गुणी होता. त्यानं डबा उघडला, जुनी आणि नवी डिस्क एकाच तारांच्या पट्टीला शेजारीशेजारी जोडल्या आणि एक सीडी घालून मशीन सुरू केलं. जुनीवर जे जे होतं, विंडोज, मराठीचं सॉफ्टवेअर, पाच वर्षांचे अर्ज, सगळं जागच्या जागी उचलून नवीवर ठेवायचं, कण न् कण. दीड तास लागला. बिडवे खुर्ची ओढून शेजारी बसून राहिले. मधेच जुनी डिस्क टक् करायची, गप्प व्हायची, आणि ते कान पुढे करायचे. सुशीलाबाईंनी जेवायला दोनदा हाक मारली तरी ते उठले नाहीत.

शेवटी अभिनवनं जुनी काढली, नवी बसवली आणि म्हणाला, "बघा आता."

बिडव्यांनी दोनशे मोजले. होम. तीनदा खाली. एन्टर. त्यांनी 'श्री' टाइप केलं आणि मान तिरकी करून वाट बघितली.

"आलं ना?" अभिनव म्हणाला. "अगदी तसंच आहे. ते पाच वर्षांचा पसारा असलेलं डेस्कटॉपसुद्धा."

"आवाज कुठं गेला पण?"

"नवीन आहे, पप्पा. ही आवाज न करता काम करते."

"माणसं अशी मिळाली पाहिजेत," बिडवे म्हणाले, आणि इतक्या आनंदात जेवले की सुशीलाबाईंना पुन्हा भात टाकावा लागला.

जेवण झाल्यावर ते झोपले, आणि इथं घोळ झाला. बिडव्यांना तो आठवड्यानं कळला, पण आपण आत्ताच सांगून टाकू. अभिनव रिकामा बसला होता आणि समोर वडिलांचा पडदा होता. इंजिनिअरला पसारा बघवत नाही. त्या पडद्यावर एक्केचाळीस चित्रं होती, त्यातली अर्धी कुणी कधीच न उघडलेली. वडिलांचं वय झालंय, शोधाशोध करायचा त्रास वाचेल, अशा प्रेमानं त्यानं नको ती काढून टाकली आणि बारा ठेवली. मग ती बारा नावाप्रमाणे ओळीनं लावली, आणि ती पुन्हा विस्कटू नयेत असंही करून ठेवलं. दहा मिनिटांचं काम. दीपमाला तेव्हा आत सासूबरोबर भांडी आवरत होती. जाताना अभिनवनं जुनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर टाकली आणि आईला म्हणाला, "पप्पांना सांगू नकोस, बघून खूश होतील."

बघून!

मंगळवारी दुपारी चंपाबाई आली. पलीकडच्या वस्तीत राहणारी, मार्केट यार्डात कांदे निवडायला जाणारी. तिच्याबरोबर आणखी दोघीतिघी दारात उभ्या होत्या. रस्ता खणला म्हणून त्यांचा बसचा थांबा अर्धा किलोमीटर पुढे नेला होता. रस्ता बुजवून चार महिने झाले तरी थांबा काही परत आला नव्हता, आणि पहाटे अंधारात बायकांना ती वाट एकटीनं चालायची भीती वाटत होती.

"साहेब, आमी बारा जणी हाय. समद्या अंगठा देतो. पन कागद तुमचाच पायजे," चंपाबाई म्हणाली. "तुमी लिवलेलं कवा वाया ग्येलं न्हाई."

बिडव्यांची छाती दोन बोटं फुगली. सुशीलाबाई त्या दिवशी हडपसरला गेल्या होत्या, भाचीचं बाळ बघायला. बिडव्यांनी बायकांना पाणी दिलं आणि टेबलापाशी बसले. दोनशे. होम. तीनदा खाली. एन्टर. घरघर नाही. पण ही आवाज न करता काम करते हे अभिनवनं सांगितलंच होतं. त्यांनी आणखी वीस मोजले आणि सुरुवात केली. 'माननीय महोदय, सविनय निवेदन की'. बोटं धावायला लागली. पहाटेचा अंधार, बायकांची सुरक्षितता, रस्ता बुजवल्याची तारीख, सगळं त्यांनी असं बसवलं की वाचणाऱ्याला पळवाट राहू नये. अर्ज चांगला उतरला की त्यांच्या बोटांना कळायचं, आणि हा फारच चांगला उतरला होता. त्यांनी तो छापला, गरम कागदावर एकदा हात फिरवला आणि चंपाबाईच्या हातात दिला.

"दिसतंय ना झकास?" ते म्हणाले.

"लई भारी," चंपाबाई म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं.

त्या कागदावर एकही मराठी अक्षर नव्हतं. चौथ्या जागेवर आता इंग्रजी लिहायचं सॉफ्टवेअर येऊन बसलं होतं, आणि बिडव्यांच्या बोटांनी मराठीच्या हिशेबानं दाबलेल्या कळांचा तिथं इंग्रजी अक्षरांचा चिवडा झाला होता, मधे मधे स्वल्पविरामांचे शेंगदाणे. पान भरून चिवडा. त्याच्याखाली बारा बायकांनी आपापल्या डाव्या हाताचे अंगठे उठवले आणि चंपाबाईनं तो कागद पदराखाली धरून, अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून कचेरीत नेला.

रविवारी सकाळी ती परत आली. अभिनव आणि दीपमाला नुकतेच येऊन बसले होते. चंपाबाई आत आली, चार घड्या घातलेला कागद तिनं टेबलावर ठेवला आणि बाजूला उभी राहिली. नेहमी दारातूनच मोठ्यानं बोलत येणारी बाई आज हळू बोलत होती.

"साहेब, कचेरीतली मानसं हासली मला. म्हनली, कुठल्या देशाचं हाय ह्ये? एक जन म्हनला, ज्यानं लिवलंय त्यो आंधळा हाय का?"

बिडव्यांना काही उमजेना. अभिनवनं कागद उलगडला. "पप्पा, हे काय झालंय? सगळी इंग्रजी अक्षरं आहेत. म्हणजे इंग्रजीही नाही, नुसता घोटाळा." त्यानं उठून कॉम्प्युटर सुरू केला आणि पडद्याकडे बघून स्वतःशीच म्हणाला, "हां, तुम्ही चौथं उघडलंत. पण मराठीचं आता सातवं आहे."

"सातवं कसं?"

"मी त्या दिवशी जरा आवरून दिलं ना. नावाप्रमाणे लावलं. तुम्ही झोपला होतात."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. बिडव्यांच्या जिभेवर हेच आलं होतं, आणि त्यांना लगेच कळलं की हीच सुटकेची वाट आहे. मुलाला चार शब्द सुनावायचे, 'जसंच्या तसं म्हटलं होतं ना' म्हणून आवाज चढवायचा, की सगळा दोष डिस्कवर आणि अभिनववर. मूठ झाकलेली राहिली असती. त्यांनी तोंड उघडलंही.

"पण पप्पा," दीपमाला म्हणाली. तिच्या बोलण्यात आरोप नव्हता, चूक कुठं झाली ते शोधायची तिला फक्त सवय होती. "तुम्ही पूर्ण पान टाइप केलंत. छापून हातात घेतलंत. तेव्हा दिसलं नाही?"

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. बिडव्यांनी शर्टाचा खिसा चाचपला. "चष्मा नव्हता," ते म्हणाले, आणि चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

"त्यांना कशाला विचारतेस?" स्वयंपाकघराच्या दारातून सुशीलाबाईंचा आवाज आला. "कागद मी दिला. पाकिटात घालताना मीच बघितला नाही. माझी चूक झाली."

चंपाबाईनं चमकून वर बघितलं. "वैनी, तुमी कुटं व्हता घरात? तुमी हडपसरला ग्येलावता. साहेबांनी सवताच्या हातानं दिला. आन् पाकीट बी नव्हतं."

सुशीलाबाईंनी पदराचं टोक हातात घेतलं.

बिडवे तसेच उभे राहिले. बायको आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती, अंगच नव्हतं तिला त्याचं. आणि आज इतकं कच्चं, इतकं घाईचं खोटं ती त्यांच्यासाठी बोलली होती. का? मग त्यांना एकेक गोष्ट आठवत गेली. चार वर्षांत जागचं न हललेलं स्टूल. नाकारलेला सोफा. कपाचा नेहमी उजवीकडेच असलेला कान. पेपर वाचताना खालच्या फोटोत कोण उभं आहे, कुणी काय घातलंय, हेही ती सांगायची, न विचारता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात ते असं. जिच्यापासून ते लपवत होते, तिच्याच आधारानं ते लपलेलं राहिलं होतं.

"सुशीला," ते म्हणाले, "पाकिटात घालायला तुला एवढा वेळ का लागायचा गं?"

"वाचत असे."

"आणि?"

"कुठं काना राहिला असला, शब्द दोनदा आला असला, तर नीट करायचे. काळं पेन ठेवलंय चहाच्या डब्यामागं."

"कधीपासून?"

"माझ्या भाचीच्या लग्नात तुम्ही नवरदेवाला सोडून त्याच्या मामाला हार घातलात ना, तेव्हापासून. सगळे हसले, तुम्हीही गंमत केल्यासारखे हसलात. मला काही ती गंमत वाटली नाही."

बिडवे खुर्चीत बसले. त्यांनी चंपाबाईच्या आकाराकडे तोंड वळवलं.

"चंपाबाई, मला दिसत नाही. चार वर्षं झाली. मी तो कागद बघितलाच नव्हता. कचेरीतले लोक तुम्हाला हसले ते माझ्यामुळं. त्यांनी विचारलं ते खरंच होतं."

अभिनव 'पप्पा' म्हणून पुढे आला. चंपाबाईनं मात्र जरा विचार केला.

"मंग?" ती म्हणाली. "मला वाचाया येत न्हाई म्हनून मी तुमच्याकडं येते. तुमाला दिसत न्हाई म्हनून मी दुसरीकडं जाऊ व्हय? वैनी हाईत की वाचाया. लिवा परत. पन ह्या बारीला पाकिटात घालून द्या."

त्यावर पहिल्यांदा हसल्या त्या सुशीलाबाई.

आता अर्ज लिहायचा तर आधी पडदा पूर्वीसारखा करायला हवा होता. अभिनवनं एक शब्दही न बोलता कपाटावरची जुनी डिस्क काढली, धूळ झटकली आणि जोडली. पुन्हा एकदा सगळं उतरवून घ्यायचं, आणि या वेळी हात लावायचा नाही. डिस्कनं तीन वेळा टक् केलं, एक बारीक शीळ घातली आणि कायमची गप्प झाली. त्यानं पुन्हा पुन्हा बटण दाबून बघितलं.

"गेली, पप्पा." त्याचा आवाज रडवेला झाला होता. "सॉफ्टवेअर सगळं आहे, अर्ज आहेत. पण काय कुठं होतं ते गेलं. मी बघितलंसुद्धा नव्हतं नीट, नुसतं काढत सुटलो. तुम्ही मला आधी सांगितलं असतंत तर..."

"सांगितलं असतं तर तू मला हात धरून खुर्चीत बसवलं असतंस," बिडवे म्हणाले. "त्याचीच भीती होती."

ते खरं होतं. अभिनवनं जुनी डिस्क सोडवून बाजूला ठेवली.

"काय कुठं होतं ते कुणाला आठवतंय का?" दीपमालानं विचारलं आणि मग तिचं तिलाच समजलं. ती माउस घेऊन पडद्यासमोर बसली. "पप्पा, सांगा. पहिल्या रांगेपासून."

बिडव्यांनी डोळे मिटले. तशी गरज नव्हती, पण त्यांना तसं बरं वाटलं. "पहिलं माय कॉम्प्युटर. त्याखाली ते कचऱ्याचं. त्याखाली शेजारच्या सुनीतीनं टाकलेला पत्त्यांचा खेळ. मग मराठी. मग जुन्या अर्जांचं फोल्डर. त्याखाली छपाईचं, ते बंद पडलेलं, पण ते लागतं, त्यावरून मी पुढचं मोजतो..." टंकलेखनाच्या परीक्षेला मजकूर सांगावा तशा चालीत ते सांगत गेले आणि दीपमाला एकेक चित्र, काढून टाकलेलं असलं तर कचऱ्याच्या डब्यातून, उचलून जागेवर ठेवत गेली. पाच रांगा. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. एकोणतिसाव्याला अडले, दोन मिनिटं बोटं टेबलावर नाचवली आणि तेही निघालं. नवी डिस्क पहिल्या खेपेला जुनीवरून भरली होती, या खेपेला ती बिडव्यांवरून भरली. अभिनव शेजारी उभा राहून ऐकत होता. आपल्या कंपनीत इतकी पक्की स्मरणशक्ती कुठल्याच यंत्राला नाही, असं तो रात्री घरी जाताना बायकोला म्हणाला.

"एक विचारू, पप्पा?" दीपमाला म्हणाली. "जुनी घरघर करायची, ही करत नाही. मराठी उघडलं की घंटा वाजेल असं करू? फक्त मराठी उघडल्यावर. दुसरं काही उघडलं तर वाजणार नाही."

बिडव्यांनी विचार केला. "एवढा एक बदल चालेल," ते म्हणाले. "पण एवढाच."

मग ते बसले. होम. तीनदा खाली. एन्टर. टिंग् झालं. चंपाबाई दचकली, आणि बिडव्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखं हसू आलं. 'माननीय महोदय' पुन्हा एकदा सुरू झाले. या वेळी त्यांनी एक ओळ जास्त घातली, की यापूर्वीच्या अर्जात झालेली चूक लिहिणाऱ्याची होती, अर्जदार महिलांची नव्हती. छापलेला कागद त्यांनी हातात घेतला आणि खिडकीच्या उजेडाच्या दिशेनं धरला. सुशीलाबाईंनी तो घेतला. लपूनछपून नाही, सगळ्यांच्या समोर, आणि मोठ्यानं वाचला. चौथ्या ओळीत 'पहाटे' दोनदा आलं होतं. त्यांनी ते सांगितलं, बिडव्यांनी ते काढलं, आणि कागद पुन्हा निघाला. बारा अंगठे पुन्हा उठवायला चंपाबाई निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं वाकडला आणि घर नेहमीचं. चहा झाला. कपाचा कान उजवीकडे होता. पेपर दाराच्या फटीतून आत पडल्याचा आवाज आला, तसे बिडवे उठले, पाच पावलं चालून तो उचलला आणि येऊन बायकोच्या हातात दिला. रोजचं वाक्य तोंडात आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"वाच," ते म्हणाले. "मला दिसत नाही."

सुशीलाबाईंनी चष्मा लावला आणि पहिलं पान उघडलं.

"वाचते," त्या म्हणाल्या. "पण उच्चार चुकला तर सांगायचं बंद करू नका."